सत्यवेणीने पाहिलेले पाणचिरे

कामेश्वरम मास्तरांची नजर गेली, पण हिवाळा लागला की होडीत बसायचा हट्ट काही गेला नाही. कोरिंगाच्या तिवरांपलीकडे, गोदावरी समुद्राला मिळते तिथे, ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. जन्मभर त्यांनी तिथेच पक्षी पाहिले. आता पाहायचं काम बायकोकडे आलं होतं. सत्यवेणीला पक्ष्यांचं वेड कधीच नव्हतं. होडीत बसून गुडघे धरायचे, दुर्बिणीने मान आखडायची.

त्या सकाळी नावाडी वीरबाबूने होडी चिखलाच्या कडेला लावली.

"काय दिसतंय?" मास्तरांनी विचारलं.

"करडे आहेत. पुष्कळ."

"चोच सरळ की वाकडी?"

"अहो, चोच आहे एवढं दिसतंय, ते काय कमी आहे?"

वीरबाबू हसला. "अम्मा, मोर म्हणून सांगा. मास्तर खूश!"

मास्तर हसले नाहीत. त्यांना पाणचिरे हवे होते. गेले काही हिवाळे ते पक्षी फिरकले नव्हते. "ते दिसले की निघू," ते म्हणाले.

ऊन चढलं. डब्यातला चिंचेचा भात, पुलिहोरा, संपला. सत्यवेणीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी ती म्हणाली, "आले."

"कोण?"

"तुमचे पाणचिरे. चार-पाच आहेत."

मास्तर ताठ बसले. "काय करताहेत?"

"चिखलात चोच खुपसून खाताहेत."

मास्तर पुन्हा टेकून बसले. मग म्हणाले, "बरं. चला घरी."

वीरबाबूने चिखलातल्या त्याच करड्या पक्ष्यांकडे पाहिलं, मग अम्माकडे. अम्मा पाण्याकडे बघत होती. धक्क्याला लागल्यावर त्याने मुद्दाम विचारलं, "मास्तर, काकिनाड्याच्या कॅमेरेवाल्यांना कळवू?"

"नको रे. दमलेत बिचारे पाणचिरे."

घरी आल्यावर सत्यवेणीला राहवेना. "मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे. पाणचिरा चिखल उकरत नाही. उडता उडता चोचीने पाणी कापत जातो."

"मग तिथेच बोलला का नाहीत?"

"माझीही पाठ मोडली होती, वेणी. पण हट्ट करून तुला नेलं, आता परत चल म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार?"

"म्हणजे दोघंही फुकट भाजलो!" ती चिडून म्हणाली. पण भांडायचंही त्राण नव्हतं. तिने चटई पसरली, त्यांचा हात धरून त्यांना टेकवलं आणि शेजारी आडवी झाली. "पुन्हा मी यायची नाही."

"बरं."

इतक्या सहज 'बरं' येईल असं तिला वाटलं नव्हतं. बराच वेळ तिला झोप लागली नाही.

पुढच्या मोठ्या ओहोटीला वीरबाबूचा फोन आला. "नाही येत रे आम्ही," तिने सांगितलं आणि मास्तर काही बोलतात का, म्हणून वळून पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते.

"पेसरट्टू करतेस?" त्यांनी विचारलं. "आलं घाल जरा जास्त."

ती डोशांसाठी भिजवलेले मूग वाटायला उठली.