पद्मिनीची कच्ची पोरं

पद्मिनीचा आजार आता बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी जुलैमधल्या एका दुपारी सांगितलं. परत येताना आम्ही देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर थांबलो, कारण घरात भाजी नव्हती. पार्किंग मिळेना. मी तिसऱ्यांदा फेरी मारत असताना ती म्हणाली, "जुलै संपत आला. टीमचं काय करायचं?"

टीम कागदावरची होती. शिकागोतल्या आम्हा सहा मराठी घरांमध्ये तो खेळ चालायचा. माझ्या मित्राने, गुरुदत्तने, तो ऑफिसातून आणला होता. एप्रिलमध्ये प्रत्येक घराने बेसबॉलचे खरे खेळाडू निवडायचे. ते मैदानावर जसे खेळतील तसे आपल्याला गुण. निवडलेले खेळाडू पुढच्या वर्षीही आपलेच. जुलै संपेपर्यंत अदलाबदल करता यायची. ज्याला यंदाच जिंकायचंय तो मुरलेले खेळाडू घ्यायचा आणि बदल्यात होतकरू पोरं द्यायचा. ज्याची टीम अजून उभी राहतेय तो याच्या उलट करायचा.

आमची टीम पद्मिनी चालवायची. मी फक्त खेळाडूंचे आकडे बघायला पेपर आणून द्यायचो. तिने जवळजवळ सगळी कच्ची पोरं निवडली होती, त्यामुळे आम्ही दोन वर्षं तळाला होतो. वहिनींनी बालवाडी काढलीय, असं लोक एकत्र जेवणाच्या वेळी चिडवायचे. ती म्हणायची, थांबा जरा. त्या वर्षी पोरं खेळायला लागली आणि आम्ही तिसऱ्या नंबरावर आलो.

मला वाटलं, आता थांबायचं कशासाठी? यंदाच जिंकायला हवं. मी गुरुदत्तला फोन करून डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं आणि त्याचा सगळ्यात चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मागितला. बदल्यात आमची हवी ती पोरं घे म्हटलं. तो म्हणाला की काही नको, पिचर तसाच घे.

शनिवारी तो घरी आला. नीलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याच्याबरोबर साबुदाण्याची खिचडी पाठवली होती. पिचरचं ऐकून पद्मिनीने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"भावजी, मागच्या वर्षी याच पिचरवरून तुम्ही माझ्याशी तासभर भांडलात. आता फुकट?"

गुरुदत्त चहाच्या कपात बघत राहिला.

"आजाऱ्याला लोक संत्री आणतात," ती म्हणाली. "तुम्ही पिचर आणलात."

तो हसला, मग मीही हसलो. पिचर तिने घेतला नाही. उलट आमचा कॅचर, म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षक, त्याच्यापुढे ठेवला. तो पस्तिशीचा होता, पण आमचे निम्मे गुण त्याच्या जिवावर होते. ती त्याला मामा म्हणायची. मामाच्या बदल्यात तिने तीन पोरं मागितली, अजून लहान गावांच्या टीममध्ये खेळणारी. गुरुदत्त दोन द्यायला तयार होता. तिसऱ्यावरून जुंपली. शेवटी तो आवाज चढवून म्हणाला, "वहिनी, तुम्ही लुटताय मला." तिचा चेहरा खुलला. तिसराही तिने घेतला.

तो गेल्यावर मी चिडलो. ही पोरं मोठ्या टीममध्ये वर यायला दोन-तीन वर्षं लागतील, म्हटलं. तुला जिंकायचं नाही का?

ती मेथी निवडत होती. "जिंकायला आवडलं असतं," ती म्हणाली. "पण अहो, यंदा जिंकले की ऑक्टोबरात संपलं. मग तुम्ही पेपर कशासाठी उघडाल?"

मी तिच्यासमोर बसून मेथी निवडायला लागलो.

सीझन संपायच्या आत ती गेली. त्या वर्षी गुरुदत्त जिंकला, मामामुळेच. त्याने मला सांगितलं नाही, नीलाकडून कळलं. पुढच्या वर्षी टीम माझ्याकडे आली. मुलगी दीपा फोनवर म्हणाली की बाबा, जमत नसेल तर सोडून द्या. मी सोडली नाही. सकाळी पेपर आणतो आणि छोट्या अक्षरांतले आकडे शोधतो. त्या तिघांपैकी एक यंदा मे महिन्यात वर आला. पहिल्याच आठवड्यात चांगला खेळला. दुसऱ्याचा खांदा दुखावलाय. तिसऱ्याचं अजून काही खरं नाही.

मामा दिल्यापासून आमच्याकडे कॅचर नाही. पुढच्या एप्रिलमध्ये बघू, असं ती म्हणाली होती. जागा रिकामी ठेवली की त्या जागेचे गुण मिळत नाहीत, हे गुरुदत्तने मला दोनदा समजावलं. एक-दोन नावंही सुचवली. मी अजून कुणाला घेतलेलं नाही.