टेपखालचा सूर

मी एक जुना कीबोर्ड आहे. कुणाच्या दिवाणखान्यात शोभेला ठेवलेला नव्हे, तर खानदेशच्या लग्नांत धूळ खाऊन, हळद झेलून वाजलेला. माझ्या काही काळ्या पट्ट्यांचा रंग उडाला आहे आणि एका कोपऱ्याला नवरदेवाच्या घोड्याची लाथही बसली आहे. सूर मात्र शाबूत आहे, आणि तेवढी फुशारकी मी मारणारच. तरीही, मित्रांनो, एक वेळ अशी आली की माझा सूरच खोटा आहे, अशी लेखी तक्रार झाली.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते जळगावचं दुकान आणि मला खांद्यावर घेऊन बाहेर पडलेला रमीज. रमीज बॅन्डमध्ये कीबोर्ड वाजवायचा आणि सुकदेव आबा गायचे. बॅन्डच्या गाडीवर मला दोरीनं बांधत, पुढे वरात नाचत असे. आबांनी तान घेतली की म्हातारी माणसंसुद्धा ओट्यावर येऊन उभी राहत. "सुकदेव आजही काळी दोनमध्ये गातो," असं लोक कौतुकानं म्हणत. काळी दोन म्हणजे माझी डावीकडून दुसरी काळी पट्टी. तिला सा धरून आबा तरुणपणापासून गात आले होते, आणि त्या पट्टीचा त्यांना भारी अभिमान होता.

वय झालं तसा आबांचा आवाज खाली उतरला. वरच्या सुराला ते धापा टाकू लागले. रमीजनं हे ओळखलं, पण तोंडानं सांगणार कसं? त्यानं एक युक्ती केली. माझ्यात सगळा सूर वरखाली करायची दोन बटणं आहेत. त्या बटणांनी त्यानं मला गुपचूप, काळ्या-पांढऱ्या मिळून, तीन पट्ट्या खाली आणलं. आता बोट काळी दोनवर पडे आणि सूर निघे पांढरी एकचा, म्हणजे डावीकडच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा. आबा पुन्हा मोकळ्या गळ्यानं गाऊ लागले. बंद केलं तरी शेवटची पट्टी मी विसरत नाही, त्यामुळे रोज काही करावं लागत नसे. बटणं आणि शेजारची आकड्याची इवलीशी खिडकी रमीजनं काळ्या टेपनं झाकून टाकली. कुणी विचारलं तर तो म्हणे, "धूळ जाते आत. टेपला हात लावायचा नाही." हा बॅन्डमधला कायदाच झाला.

मग गावोगावी मोठमोठे डीजे आले आणि आमचा बॅन्ड बंद पडला. मी कपाटावर, उशांच्या ढिगाखाली पडून राहिलो. उशांखाली श्वास कोंडतो, मित्रांनो, आणि त्याहून जास्त मन कोंडतं. अशात अमळनेरच्या एका बॅन्डनं रमीजला निरोप धाडला. आबा आणि तो जोडीनं येणार असतील तर घेऊ, पण कीबोर्ड नवा हवा. लग्नसराई तोंडावर आली होती. मला विकल्याशिवाय नवा येणार नव्हता, आणि नवा आला नाही तर दोघांचंही काम जाणार होतं.

जुन्या वस्तू विकायचं ॲप आबांच्या मुलाच्या, दीपकच्या मोबाइलवर होतं. फोटो त्यानं काढले, वर्णनही त्यानंच लिहिलं: 'सर्व सूर अचूक, कसलाही दोष नाही.' मला खोक्यात भरलं तेही आबांच्या घरी, आबांच्या डोळ्यांदेखत. त्यांच्यासमोर टेप काढायचा रमीजला धीर झाला नाही. घेणारा काढेलच, असं त्यानं स्वतःला समजावलं. इथेच सगळा घोटाळा झाला.

धुळ्यात मला चेलनानं घेतलं. आग्रा रोडमागे तिच्या वडिलांचं, लखीचंद शेठचं, कापडाचं दुकान आहे आणि वर घर. ती बायकांच्या भजन मंडळात स्तवनं गाते. तिनं मला आपल्या हार्मोनियमशेजारी मांडलं आणि दोघांचा सा एकदम दाबला. असा कर्कश कल्लोळ उठला की मलाच शरम वाटली. तिनं दुसरी पट्टी दाबून पाहिली, तिसरी दाबली. तेच. मग तिची नजर टेपवर गेली.

"बाबा, खाली तुटलेली बटणं असणार. लपवून विकलं," ती म्हणाली.

"हात लावू नकोस," शेठ म्हणाले. "मालाला हात लावला की तक्रार गेली. जसा आला तसा ठेव, फोटो काढ, पैसे परत माग."

तिनं तसंच केलं. पैसे अजून ॲपकडेच होते, ते तिथेच अडकले. जळगावला दीपकनं तक्रार मोठ्यानं वाचली, 'टेपखाली काय आहे?', आणि शेजारच्या खाटेवर आबा बसलेले. हे मला पुढे रमीजच्या तोंडून कळलं. तोही तिथेच होता, आणि त्याच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, "लिही, टेपला हात लावू नका."

आता सांगा, असलं उत्तर वाचून कोण विश्वास ठेवील? चेलनाचा संशय पक्का झाला. रमीजनं पार्सलच्या पावतीवरचा नंबर पाहून फोन केला, तर शेठनी "जे काय आहे ते ॲपवर लिहा" म्हणून ठेवून दिला. ॲपवर खरं लिहावं तर ते आबांसमोर वाचलं जाणार. न लिहावं तर उद्या संध्याकाळी उत्तराची मुदत संपून पैसे चेलनाला परत जाणार, मी फसवा माल ठरणार आणि अमळनेरचं काम बुडणार. बिचारा दोन्हीकडून कोंडला.

दुसऱ्या दिवशी अमळनेरला जातो सांगून तो एसटीनं थेट धुळ्याला आला. दारात उभ्या रमीजला पाहून माझा जीव भांड्यात पडला, पण शेठचा चेहरा पाहून पुन्हा वर आला.

"माल परत न्यायला आलात का?" शेठनी विचारलं.

"नाही शेठ. कीबोर्ड चांगला आहे. दोष माझा आहे."

"मग टेप काढा," चेलना म्हणाली. "आमच्यासमोर."

रमीज माझ्यासमोर बसला. नखानं टेपचा कोपरा उचलला आणि थांबला. मग त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. आबांचा आवाज, तीन पट्ट्या, सगळं. सांगताना त्याची बोटं माझ्यावरून फिरत होती. टेप निघाली. बटणं शाबूत होती. खिडकीत उणे तीनचा आकडा होता. चेलनानं तो शून्यावर आणला, हार्मोनियमचा सा दाबला, माझा दाबला. दोघे एक झाले. किती वर्षांनी मी माझ्या मूळ सुरात बोललो, आणि खरं सांगतो, मला ते परक्यासारखं वाटलं.

"तक्रार मागे घे, चेलना," शेठ म्हणाले. "पण कारण खरं लिही. आपण खोटे ठरायचं नाही."

"खरं लिहिलं तर आबा वाचतील, बाबा."

"मग यांनी आधी विचार करायचा होता. व्यवहारात लपवाछपवी केली यांनी, आपण नाही."

रमीजनं टेप गोळा करून खिशात घातली. चेलनानं ॲप उघडलं, आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता. तिनं स्पीकर लावला, आणि पलीकडून अहिराणीत एक म्हातारा आवाज आला.

"ताई, मी सुकदेव बोलस, जळगावथून. त्या बाजानी पावतीवर तुमना नंबर व्हता."

रमीजनं ओठांवर बोट ठेवलं.

"बोला, आबा," चेलना म्हणाली.

"बाजा जोडेच शे ना? मंग काळी दोन दाबा बरं. मी गास, तुम्ही आयका."

चेलनाचं बोट काळी दोनवर गेलं. मी तर हादरलोच. आता मी मूळ सुरात होतो. तो सूर आबांच्या गळ्याला झेपणारा नव्हता, आणि तिथल्या तिथे त्यांना सगळं कळलं असतं. चेलनानं रमीजकडे पाहिलं. मग बोट हळूच तीन पट्ट्या खाली सरकवलं आणि पांढरी एक दाबली. शेठ बघत होते. त्यांनी तिला अडवलं नाही.

आबा गायले. लांबून येणाऱ्या आवाजात एकच ओळ, पण सूर असा लागला की शेठनी डोळे मिटले. मी जीव ओतून साथ दिली. ओळ संपली.

"ताई," आबा म्हणाले, "तुम्हले वाटस तुम्ही काळी दोन दाबी. पन हाऊ सूर पांढरी एकना शे. बाजा बिघडेल नही. रमीजनी तीन पट्ट्या खाले करेल शे, मनाकरता. टेप काढा, तीन पट्ट्या वर करा, ठीक व्हई जाई. पोराले पैसा भेटू द्या."

चेलना फोनवर वाकली. "आबा, तुम्हाला माहीत होतं?"

"मना गळा शे, ताई. मले नही समजाव तर कोले समजी? पन तो इतला जपे, मंग मी बी कधी बोलनू नही. एक करा. मी फोन करा, हाई रमीजले सांगू नका. तेले वाईट वाटी."

रमीज समोरच बसला होता. त्यानं तोंडावर रुमाल दाबून धरला होता.

"नाही सांगणार, आबा," चेलना म्हणाली. फोन ठेवल्यावर शेठनी तिच्याकडून मोबाइल मागून घेतला, चष्मा लावला आणि तक्रारीच्या खाली स्वतः एकेक अक्षर दाबत लिहिलं: 'माल चांगला आहे. वापर आम्हाला समजला नव्हता.'

मित्रांनो, मी आता धुळ्यात स्तवनांना साथ करतो. अमळनेरच्या बॅन्डमध्ये नवा कीबोर्ड आला आहे म्हणतात. तुमच्याकडची जुनी वस्तू विकाल तेव्हा तिच्यात काय आहे ते घेणाऱ्याला नीट सांगा, आणि घ्याल तेव्हा तक्रार करण्याआधी एकदा विचारा. माझ्यासारख्यांना पुसा, झाका, पण उशांखाली टाकू नका. आणि तुमच्यासाठी कुणी गुपचूप काही जपत असेल, तर वेळ आहे तोवर त्याला सांगून टाका की तुम्हाला ते कळलं आहे. त्या दिवशी रमीज जळगावची एसटी पकडायला जिना उतरला, तेव्हा तो हलक्या आवाजात तीच ओळ गुणगुणत होता, आणि पांढरी एकमध्ये गुणगुणत होता.