कंबरेपासून वर

नाचघराची आज शेवटची रात्र होती. उद्या दाराला कुलूप, आणि पुढच्या महिन्यात तिथं गाड्या उभ्या करायची जागा. म्हणून अख्खं शहर लोटलं होतं. आत मुंगीला शिरायला वाव नव्हता आणि फोटोवालीच्या पायाला भिंगरी लागली होती.

अकरा वर्षं ती रात्रीच्या शहराचे फोटो काढत होती. दिवसा झोपते म्हणून आईनं तिचं नाव ‘घुबड’ ठेवलं होतं, आणि ते असं चिकटलं की अख्खं घर तिला त्याच नावानं हाक मारी. मासिकाच्या संपादकबाईंनी तिला सांगितलं होतं, “शेवटच्या गाण्याचा फोटो आण. साधला तर मुखपृष्ठ तुझं.” मुखपृष्ठ! आतल्या पानांवर तिचे फोटो ढिगानं छापून आले होते, मुखपृष्ठावर एकदाही नाही. आज आणखी सहा फोटोवाले आले होते, पण मंचावर चढायची परवानगी फक्त तिला होती. तिला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं.

शेवटच्या गाण्याला दहा मिनिटं उरली तेव्हा ती पिशवीतली बॅटरी घ्यायला कोटांच्या खिडकीशी धावली. तिथं मावशी बसे. सख्खी मावशी, आईची धाकटी बहीण. कोट घ्यायचा, पितळी बिल्ला द्यायचा. बिल्ला घ्यायचा, कोट द्यायचा, असं एकतीस वर्षं. फोटोवालीला पहिल्यांदा मागच्या दारानं इथं घुसवलं होतं तेही हिनंच.

“घुबडे, तोंड बघ कसं लालबुंद झालंय!”

“मावशी, आत काय चाललंय म्हणून सांगू! जमीन हलतेय अक्षरशः!”

“कळतंय. इथं माझे कोट हलतायत.”

हलत मावशीही होती. खिडकीच्या फळीखाली तिचे दोन्ही पाय ताल धरून होते. फोटोवालीनं आजवर तिचे चाळीसेक फोटो काढले असतील, सगळे फळीच्या अलीकडून. दर वेळी मावशी चष्मा लावून बघे आणि म्हणे, “यातही पाय नाहीत. लोकांना वाटेल, ही बाई कंबरेपासून वरच आहे.” मग दोघी खो खो हसत. आज मात्र फोटोवालीला हसू आलं नाही.

“मावशी, तू आत कधी नाचलीस गं?”

“कधी नाचणार? शेवटचं गाणं संपलं की सगळी फौज माझ्या अंगावर येते. एकतीस वर्षं ते गाणं भिंतीतून ऐकतेय. उलटंसुद्धा म्हणून दाखवीन.”

फोटोवालीनं आतल्या दाराकडे पाहिलं. आज नाही तर पुन्हा कधीच नाही. तिलाही नाही आणि मावशीलाही नाही. तिनं फळी उचलली.

“जा.”

“वेड लागलंय का? आणि तुझा फोटो?”

“जातेस की ढकलू?”

मावशी दारापर्यंत गेली आणि परत फिरली. “सहासष्ट आणि नव्याण्णव जपून हं. आकडे इंग्रजी आहेत, बिल्ला उलटा धरला की—”

“मावशी!”

दार मिटलं. आत गाणं सुरू झालं आणि असा जल्लोष उसळला की बिल्ले खुळखुळले. फोटोवाली कोटांमध्ये बसून स्वतःला शिव्या घालत होती. हाता-तोंडाशी आलेला घास आपल्याच हातानं घालवला! तरी पाय ताल धरायचे थांबत नव्हते.

तेवढ्यात एक आडदांड गृहस्थ बाहेर आला. गर्दीच्या आधी निघायचा त्याचा बेत असावा, पण गाणं सोडवत नव्हतं. त्यानं बिल्ला टाकला. नव्याण्णव. तिनं कोट दिला. तो पाठीनं दार उघडं धरून आत बघत बघत बाह्या चढवू लागला आणि कोपरांपाशी अडकला. कोट कुणा काडीपैलवान पोरीचा होता.

“अहो, हा माझा नाही! माझा सहासष्ट!”

फोटोवालीचं लक्षच नव्हतं. उघड्या दारातून सगळं दिसत होतं: दिवे, घामानं चमकणारी तोंडं, लोकांनी केलेलं रिंगण आणि रिंगणात मावशी. अंबाडा सुटलेला, पायात बूट नाहीत.

“अहो, सोडवा ना मला!”

“हलू नका!” फोटोवाली किंचाळली. “तुमच्या पाया पडते, दार सोडू नका!”

मावशी गुडघ्यांत वाकली आणि उडाली. फोटोवालीनं बटण दाबलं. पुढच्याच क्षणी गृहस्थ कोलमडला आणि दार आपटलं.

गाणं संपल्यावर सगळ्यांच्या आधी मावशीच आली, बूट हातात घेऊन, धापा टाकत.

“कुणाचा कोट चुकलीस?”

“सहासष्ट.”

“वाटलंच,” मावशी म्हणाली आणि तशीच अनवाणी लोकांचे कोट काढून द्यायला लागली.

सकाळी घुबड झोपलं नाही. फोटो पाठवला होता, जीव टांगणीला लागला होता. शेवटी संपादकबाईंचा फोन आला.

“गायक नाही, मंच नाही. मधोमध एक बाई आणि कडेला कोटात अडकलेला माणूस. हे शेवटचं गाणं?”

“हो,” ती कशीबशी म्हणाली.

“अगं, तासभर हाच फोटो बघत बसलेय मी! हेच मुखपृष्ठ. खाली नेहमीसारखी मासिकाच्या नावाची पट्टी टाकते.”

फोटोवालीनं पलंगावर उडी मारली, पण आवाज सांभाळला.

“पट्टी वर न्या बाई,” ती म्हणाली. “खाली मावशीचे पाय आहेत.”