चाक थांबले की या

मी एक जुनी पवनचक्की आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवते, मला स्वस्थ बसता येत नाही. वारा आला की मी फिरते, वारा वळला की मीही वळते, आणि वारा पडला तर तो आता कधी येणार या विचाराने माझी पाती कुरकुरू लागतात. तुम्हाला वर्गात हाताची घडी आणि तोंडावर बोट ठेवून बसवतात तेव्हा जसे होते, तसे मला बिनवाऱ्याच्या दिवशी होते. सुदैवाने अमेरिकेतल्या आमच्या आयोवा राज्यात असे दिवस फार येत नाहीत.

शेजारच्या राज्यातल्या एका कारखान्यात माझी पाती कापली गेली आणि गंजू नयेत म्हणून जस्ताच्या रसात बुडवून काढली गेली. मग लाकडी खोक्यांत कोंबून मला रेल्वेने पाठवले. त्या प्रवासात माझा जीव नुसता गुदमरला. टोर्वाल्ड क्वाम नावाच्या नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्याने मला घोड्यांच्या गाडीतून घरी नेले. शेजारपाजारच्या बाप्यांनी दोर लावून माझा मनोरा उभा केला, बायकांनी सगळ्यांना जेवू घातले, आणि टोर्वाल्डने माझ्या शेपटावर, म्हणजे चाकामागच्या पत्र्यावर, लाल रंगाने आपले आडनाव लिहिले. वर पोहोचताच मी जे गरगरले, ते पाहून घोडे बिचकले म्हणतात.

वरून मला काय दिसायचे म्हणाल, तर सगळेच. इथली जमीन परातीसारखी सपाट. रस्ते पट्टीने आखल्यासारखे, मैलामैलावर चौक, आणि त्या काळी प्रत्येक चौकाजवळ एक घर, एक लाल गोठा आणि माझ्यासारखी एक चक्की. मी जमिनीच्या पोटातले गार पाणी ओढून हौदात ओतायची. गाई यायच्या, घोडे यायचे, शाळेतून परतणारी पोरे हौदात तोंडे बुडवून पाणी प्यायची. टोर्वाल्ड पाहुण्यांना आधी मला दाखवायचा आणि मग घर दाखवायचा. त्या कौतुकाने मी अजून जोरात फिरायची.

मग गावात वीज आली. विहिरीवर एक छोटीशी मोटर बसली आणि माझ्या चाकापासून पाण्यापर्यंत जाणारी लांब दांडी काढून गोठ्यात टाकली गेली. मित्रांनो, हे फार वाईट असते. वारा तोच, चाक तेच, पण खाली ओढायला काही नाही. मी फिरत राहिले आणि माझ्या फिरण्याचा कुणालाही उपयोग नव्हता. हळूहळू गाई गेल्या, लांबलचक शेडमध्ये डुकरे आली. शेते मोठी होत गेली आणि घरे कमी. जिकडे पाहावे तिकडे मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. आजूबाजूच्या चक्क्या एकेक करून भंगारात गेल्या. मी तेवढी राहिले, आणि ते एका दांड्यामुळे.

माझ्या पायथ्याशी एक लोखंडी दांडा आहे. तो ओढला की तार ताणली जाते, माझे शेपूट चाकाला समांतर दुमडते, चाक वाऱ्याला अंग चोरून कडेने उभे राहते आणि थांबते. वादळात चक्की मोडू नये म्हणून ही सोय असते. टोर्वाल्डचा नातू एल्डन लग्न करून आर्डिसला घेऊन आला आणि तिने या दांड्याला नवे काम दिले. एल्डन दूरच्या शेतात ट्रॅक्टरवर असायचा. हाका मारून ऐकू जायचे नाही. मग जेवण तयार झाले की आर्डिस एप्रनला हात पुसत बाहेर यायची आणि दांडा ओढायची. एल्डनला दुरून थांबलेले चाक दिसायचे आणि तो ट्रॅक्टर वळवायचा. जेवणे झाली की ती मला पुन्हा सोडायची.

तेवढा वेळ मला कोण यातना व्हायच्या. अंगावरून वारा वाहतोय आणि मी जखडलेली. आत ते दोघे मांस आणि बटाटे खातायत, सावकाश कॉफी पितायत, आणि माझी आठवण कुणालाच नाही. मी मनातल्या मनात आर्डिसला खूप बोल लावायची.

हळूहळू शेजाऱ्यांनाही ही खूण कळली. क्वामांची चक्की दुपारी थांबली तर जेवणवेळ, आणि भलत्या वेळी थांबली तर काहीतरी बिनसले आहे. धाकट्या मुलीच्या, जोलीनच्या वेळी आर्डिसला सकाळीच कळा सुरू झाल्या, तेव्हा तिने कशीबशी मला थांबवले. एल्डन पोहोचायच्या आत चारी रस्त्यांवरून धूळ उडवत गाड्या आल्या. त्यातल्या एका बाईने तर पायही आणला होता, म्हणजे रुबार्ब नावाच्या भाजीच्या देठांचे आंबटगोड सारण भरून भाजलेला गरम पदार्थ. संकट कसलेही असो, आमच्याकडे रिकाम्या हाताने कुणी येत नाही.

आता या माणसांचा एक स्वभाव सांगितला पाहिजे, कारण पुढे त्यानेच माझ्या जिवाशी खेळ मांडला. ही माणसे दुसऱ्यासाठी रात्रीचा दिवस करतील, पण स्वतःला काय हवे ते तोंडाने सांगणार नाहीत. चर्चच्या जेवणात ताटलीत केकचा शेवटचा तुकडा उरला की तो कुणी उचलत नाही. एक जण त्यातला अर्धा घेतो. दुसरा उरलेल्याचा अर्धा घेतो. शेवटी ताटलीत चिमणीच्या चोचीएवढा केक राहतो आणि सगळे त्याच्याकडे न बघता कॉफी पितात. कसे आहात विचारले तर पाय मोडलेला माणूसही म्हणतो, फारसं वाईट नाही.

एल्डन गेला त्या वर्षी आर्डिस एकटी पडली. थोरला मुलगा कर्टिस मैलभर पलीकडे राहतो, जमीन तोच कसतो. जोलीन गावात राहते. आर्डिसचे गुडघे थकले होते. तिने गावात म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या इमारतीत खोली घेतली आणि हे घर एका तरुण जोडप्याला विकले. त्यांची मुले लहान होती. मुले मनोऱ्यावर चढतील, म्हणून त्यांनी अगदी अजिजीने सांगितले की चक्की तेवढी काढून न्या.

मग आर्डिसने मुलांना विचारले. दोघांनाही तिने माझ्या पायथ्याशीच विचारले, वेगवेगळ्या दिवशी, म्हणून मला ठाऊक. कर्टिसने मान वर करून माझ्याकडे पाहिले. म्हणाला, मला हवी आहे गं, पण जोलीनला लहानपणापासून तिचं वेड. तिलाच घेऊ दे, आणि मी असं बोललो हे तिला सांगू नकोस. दोन दिवसांनी जोलीनने माझ्या खांबाला गाल लावला आणि म्हणाली की तिला मी तिच्या घरामागे हवी आहे, पण कर्टिस शेतात राबतो, त्याचा हक्क पहिला. आणि हे त्याला मुळीच सांगायचे नाही. आर्डिसने दोघांनाही शब्द दिला. आपल्याला काय वाटते ते ती बोलली नाही, आणि त्यांनीही विचारले नाही.

मी वर तळमळत होते. अरे, बोला की एकमेकांशी! पण पात्यांना वाचा नसते.

मार्चमध्ये, पेरणीच्या आधी, लिलाव ठरला. अंगणात गवत वाहायच्या सपाट गाड्या ओळीने लावल्या आणि त्यांवर क्वामांचा संसार मांडला. दूध तापवायची भांडी, एल्डनची हत्यारे, लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, भाजायचा मोठा तवा. चर्चच्या बायकांनी गोठ्यात कॉफी आणि पायचे दुकान थाटले. सगळा परगणा लोटला होता. वारा तर असा सुटला होता की टोप्या उडत होत्या, आणि मी वेड्यासारखी फिरत होते.

त्या गर्दीत शहरातून आलेला एक सभ्य गृहस्थ होता. त्याला आपल्या हॉटेलच्या दारात एक जुनी चक्की उभी करायची होती. मनोऱ्याभोवती फेरी मारून त्याने आपल्या माणसाला सांगितले, "छान आहे. फक्त चाक वेल्डिंग करून पक्कं करून टाकू. गिऱ्हाइकांच्या डोक्यावर किरकिर नको."

वेल्डिंग! मित्रांनो, मी गंजायला तयार होते, मोडायला तयार होते. पण वाऱ्यात उभे राहायचे आणि कधीच, कधीच फिरायचे नाही? माझे एकूण एक पाते थरथरले. खाली कुणीतरी म्हणाले, आज वारा जरा जास्तच आहे.

लिलाव पुकारणारा ड्वेन गावातलाच. गाडीवर चढून त्याने माझे नाव पुकारले आणि बोली मागितली. शेजाऱ्यांनी हात खिशात घातले, कारण घरच्या माणसाला हव्या असलेल्या वस्तूची बोली आपण वाढवायची नसते, ही इथली रीत. कर्टिसने जोलीनसाठी हात खिशात घातले. जोलीनने कर्टिससाठी. एवढ्या लोकांत हात बाहेर असलेला माणूस एकच होता, आणि त्याने तो वर केला.

ड्वेनची लिलावातली जीभ एरवी मळणीयंत्रासारखी चालते. त्या दिवशी ती अडखळली. त्याने कर्टिसकडे पाहिले. कर्टिस बुटाने माती उकरत होता. जोलीनकडे पाहिले, तर ती आकाश बघत होती. ड्वेनने खाकरून घसा साफ केला. पाण्याची बाटली मागवली. पहिल्यांदा पुकारले. बाटलीचे झाकण सावकाश लावले. दुसऱ्यांदा पुकारले.

आर्डिस गोठ्याच्या दारात पायची ताटली घेऊन उभी होती. तिने ती कुणाच्या तरी हातात दिली आणि गर्दीतून वाट काढत, दुखऱ्या गुडघ्यांनी, सरळ माझ्याकडे आली. दोन्ही हातांनी तिने दांडा धरला आणि सगळा भार टाकून ओढला. शेपूट दुमडले. चाक कण्हले आणि त्या घोंघावत्या वाऱ्यात जागच्या जागी थांबले.

सगळ्या माना वर झाल्या. ड्वेनचे तिसरे पुकारणे तोंडातच राहिले. म्हातारे शेतकरी हातातले कप टाकून माझ्याकडे चालू लागले, कारण त्यांच्या पायांना ही खूण वर्षानुवर्षांची पाठ होती. कर्टिस एका बाजूने धावत आला, जोलीन दुसऱ्या बाजूने.

"आई, काय झालं? छातीत दुखतंय का?" जोलीनने विचारले.

"मला काही झालेलं नाही," आर्डिस धापा टाकत म्हणाली. "कर्टिस, जोलीनला ही चक्की हवी आहे. जोलीन, कर्टिसलाही हवी आहे. दोघांनी माझ्याकडून शब्द घेतलात, तो मी आज मोडला. आणि मलाही ती हवी आहे. तुमचा बाप हे चाक बघून घरी यायचा. पण मला काय हवंय ते कुणी विचारलंच नाही."

कर्टिसचे कान लाल झाले होते.

"मग तू घे ना," तो जोलीनला म्हणाला.

"नको, तूच घे. तुझ्याकडे जागा आहे."

"पण तुला..."

"परत सुरू केलंत?" आर्डिस म्हणाली. "हा काय केक आहे, अर्धा-अर्धा करायला?"

गाडीवरून ड्वेन म्हणाला, "कुणीतरी हात वर करा रे बाबांनो. माझी कॉफी निवली."

तेव्हा कर्टिसने हात खिशातून काढला. त्याच क्षणी जोलीननेही काढला. दोन हात एकदमच वर गेले आणि दोघे एकमेकांकडे बघून हसू लागले. जोलीन हसता हसता रडलीही. शहरातल्या त्या गृहस्थाने हे सगळे पाहिले, आपला हात मुकाट्याने खिशात घातला आणि पायचे दोन तुकडे विकत घेऊन तो निघून गेला. माझ्याबद्दल त्याने विचार चांगला केला नव्हता, पण माणूस वाईट नव्हता.

आता मी कर्टिसच्या कुरणातल्या विहिरीवर उभी आहे. दोघा भावंडांनी मिळून मला घेतले आणि मिळून थोड्या गाईही घेतल्या. गोठ्यातली ती लांब दांडी पुन्हा जोडली गेली. मी पुन्हा पाणी ओढते. क्षितिजावर तीन पात्यांच्या उंच पांढऱ्या चक्क्या वीज तयार करत फिरत असतात. त्या माझ्याकडे बघतही नाहीत. बघू नका म्हणावं, त्यांच्या पायाशी गाय पाणी प्यायला येत नाही.

दर शरद ऋतूत कर्टिस वर चढतो आणि माझ्या गिअरच्या पेटीतले तेल बदलतो. मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात जे जुने कुरकुरत असेल, ते फेकण्याआधी त्याला एकदा तेल घालून पाहा. आणि एखादी गोष्ट मनापासून हवी असेल, तर हात खिशातून बाहेर काढा. तुम्ही काढला नाहीत, तर दुसरे कुणीतरी काढेल.

माझा स्वभाव काही बदललेला नाही. सकाळपासून माझी फिरफिर चालू असते. पण दुपार जवळ आली की मला वेगळीच हुरहुर लागते. कर्टिस शेतातून येतो, हात धुतो आणि जेवायला बसण्याआधी दांडा ओढतो. सपाट जमिनीपलीकडे, गावातल्या त्या इमारतीत, वरच्या मजल्यावर एक खिडकी आहे. मी थांबले की तिथला पिवळा पडदा बाजूला सरतो आणि पुन्हा मिटतो. कर्टिसला तो खालून दिसत नाही. मला दिसतो. तेवढा वेळ वारा माझ्या पात्यांना कितीही ओढू दे, मी हलत नाही.