खराब नमुने

कॉम्प्युटरने निकाल दिला तेव्हा ताई चहाचा कप हातात धरून उभी होती. पडद्यावर लाल अक्षरं आली: हार्ड डिस्क चाचणीत नापास. खाली बारीक ओळ होती की डिस्क कधीही बंद पडू शकते. कप तसाच टेबलावर ठेवून तिने आधी आतल्या खोलीचा कानोसा घेतला. मास्तर दुपारचे झोपले होते. ऑपरेशनमध्ये घशाला भोक पडल्यापासून त्यांच्या श्वासाचा सूं सूं आवाज बाहेरपर्यंत यायचा, तो येत होता.

त्या डिस्कवर मास्तरांचा आवाज होता. सगळाच्या सगळा.

मास्तर म्हणजे ताईचा नवरा. गाडी चालवायला शिकवायचे. शहरातल्या निम्म्या लोकांना आपणच रस्त्यावर आणलं, असं ते छाती फुगवून सांगायचे, आणि शिकवताना "क्लच! अहो क्लच दाबा!" असं ओरडायचे की पलीकडच्या चौकातले लोक पाय उचलून क्लच शोधायला लागावेत. मग घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्रच काढायचं ठरलं. दवाखान्यातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी एक वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी ठरावीक वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायची. पुढे मास्तर फोनवर टाइप करतील आणि फोन ते मास्तरांच्याच आवाजात बोलेल.

मग काय, बाहेरच्या खोलीच्या खिडकीला ब्लँकेट लावून मास्तर रोज बसायला लागले. वाक्यं तरी काय एकेक! "आज हवा कोरडी आहे." "काकांनी निळा खडू कुठे ठेवला?" मध्येच ताईच्या हातून ताट पडायचं, नाहीतर मिक्सर सुरू व्हायचा, की वाक्य बाद. बाद वाक्यांनी डिस्क भरत आली तेव्हा मास्तर म्हणाले, पुसून टाक ती. पण ताई पॅथॉलॉजी लॅबमधली, रक्त-लघवी तपासण्यात उभी हयात गेलेली. खराब नमुनासुद्धा ती लगेच फेकत नाही. वेगळा काढायचा, वर चिठ्ठी लावायची, खालच्या फळीवर ठेवायचा, ही तिथली रीत. तिने तसंच केलं आणि विसरूनही गेली. चांगल्या वाक्यांची दुसरी प्रत काढायचं मात्र आज करू, उद्या करू म्हणत राहिलं. ऑपरेशन अचानक अलीकडे आलं. पुढचे महिने नळ्या, ड्रेसिंग आणि पातळ खाणं यातच गेले. आता कुठे जखम भरली होती, थेरपिस्ट बाईंनी रेकॉर्डिंग मागवलं होतं, आणि आज कॉम्प्युटर सुरूच होईना, त्याची आतली चाचणी तेवढी चालत होती.

ताईने पहिली गोष्ट केली ती म्हणजे चाचणी पुन्हा लावली.

दुसरं काही तिला सुचणंच शक्य नव्हतं. वाईट रिपोर्ट आला की कुणालाही सांगण्याआधी नमुना पुन्हा तपासायचा, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. किती घाबरलेल्या माणसांचे वाईट रिपोर्ट तिच्या दुसऱ्या तपासणीत खोटे ठरले होते. मास्तरांच्या गाठीची स्लाइडसुद्धा तिने हट्टाने दुसऱ्यांदा करायला लावली होती. तो निकाल बदलला नाही. पण सवय ती सवय.

पुन्हा नापास. मग तिने लांबलचक चाचणी लावली, सगळी डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळणारी. खराब जागांचा आकडा आधीपेक्षा फुगला. आकडा बदलतोय म्हणजे चाचणीतच खोट असणार, असं तिने स्वतःला बजावलं आणि परत लावली. आता कॉम्प्युटरच्या डब्यातून आवाज यायला लागला. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्.

मागे टाळी वाजली. मास्तर हाक मारायची झाली की टाळी वाजवायचे. ताई इतकी दचकली की कपाला हात लागून चहा सांडला. त्यांनी पाटीवर लिहिलं: काय करतेस?

"काही नाही हो. लॅबचं काम आहे."

मास्तर डोकं कलतं करून उभे राहिले. नवशिक्याने गियर घासला की ते असेच ऐकायचे. टक्. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग ताईकडे. पाटी पुसली आणि आत गेले. ताईला वाटलं, देवा, यांना कळलं असेल तर मी यांच्याकडे कुठल्या तोंडाने बघू? आणि कळलं नसेल तर मी सांगू कशी?

दुसऱ्या दिवशी लॅबला दांडी मारून तिने डिस्क टॉवेलात गुंडाळून दुरुस्तीच्या दुकानात नेली. दुकानदार बाकी बोलका, पण डिस्क कानाशी धरल्यावर त्याने एवढंच विचारलं.

"टेस्ट लावली होती का?"

"लावली ना. खात्री करून घेतली. चार वेळा."

त्याने पेचकस खाली ठेवला. "चार वेळा? मोठी टेस्ट?"

"त्यातली दोनदा मोठी. का?"

"ताई, पहिल्यांदा नापास म्हणाली तेव्हा हातही लावायचा नव्हता हो. निघेल तेवढं काढून घ्यायचं होतं. पाय मोडलेल्या माणसाला जिना चढ-उतर करायला लावलात तुम्ही, पाय खरंच मोडलाय का बघायला."

काल दुपारी तो आवाज तिथे होता. जिवंत होता. आणि ती त्याला पुन्हा पुन्हा तपासत बसली होती.

दुकानदाराने डिस्क आपल्या मशीनला जोडली. पडद्यावर नावांची यादी आली, मास्तरांनी स्वतः दिलेली नावं, आणि ताई खुर्चीतून उठलीच. एक फाइल निघायला लागली. टक्. टक्. टक्. मग काहीतरी घासल्याचा बारीक आवाज, आणि यादी गेली. दुकानदाराने घाईने वायर काढली, खूप वेळ थांबला, पुन्हा जोडून पाहिली. डिस्क फिरलीसुद्धा नाही.

"मोठ्या लॅबकडे पाठवून बघू," तो म्हणाला, "पण घासली गेलीय. खोटी आशा नाही देत. दुसरीकडे कुठे काही ठेवलंय का?"

"नाही," ताई म्हणाली.

घराचा जिना चढून ती दारापाशी आली. लॅबच्या खिडकीतून तिने परक्यांना किती वाईट बातम्या दिल्या होत्या, न अडखळता. इथे दार उघडायचा धीर होईना. दार मास्तरांनीच उघडलं. हातात पाटी होती, आधीच लिहिलेली: डिस्क गेली ना?

"माझ्यामुळे गेली हो," ती म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यात सगळं सांगून मोकळी झाली, चाचण्या, टकटक, पाय मोडलेला माणूस. मास्तर ऐकत राहिले. त्यांच्या हाताची मूठ वळली, आणि ताईला वाटलं आता हे पाटी आपटतील. ते उंबऱ्यापाशीच खाली बसले, ती गुडघ्यावर ठेवली आणि लिहिलं: बाद झालेली कुठे आहेत?

"ती काय कामाची? खराब नमुन्यावरून रिपोर्ट देत नाहीत."

मास्तरांनी पाटीवर बोट आपटलं. कुठे?

ती होती तिच्या शिलाईच्या डब्यात, एका पेन ड्राइव्हवर, वर चिठ्ठी: खराब, टाकू नये. थेरपिस्ट बाईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, पाठवा, त्यातून आवाज जुळतो का बघते, पण शब्द देत नाही. ताईने पेन ड्राइव्ह घरातल्या जुन्या लॅपटॉपला लावला. तो उघडल्याबरोबर तिने पहिलीच फाइल लावली.

"आज हवा को... अगं तो मिक्सर बंद कर!"

खोलीत मास्तर ओरडले. किती महिन्यांनी. पुढच्यात ताट पडलं, आणि "काकांनी निळा... आता काकाच येऊन पडले की काय?" असे ते वैतागले. एकामागून एक, नुसती कटकट. ताई हसत होती आणि पुढचं लावत होती.

मग एक वाक्य स्वच्छ लागलं. ना मिक्सर, ना ताट. हे खराब का ठरवलं? मग तिला रेकॉर्डिंगमध्येच मागून बारीक आवाज ऐकू आला. स्वयंपाकघरात कुणीतरी रडत होतं. तीच. पहिला हुंदका ऐकू आल्याबरोबर तिने ते बाद केलं होतं, शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं.

मास्तरांचं वाक्य संपलं. रेकॉर्डिंग चालूच होतं. खुर्ची सरकली. मग आवाज आला, हळू, क्लच शिकवतानाचा नाही.

"अगं, आवाजच जातोय. मी आहे ना."

ताईने वळून पाहिलं. मास्तरांनी हात पुढे करून तेच पुन्हा लावलं, आणि त्यांचे ओठ त्या आवाजाबरोबर हलायला लागले.