पूर्ण एक मिनिट

"एकशे अठ्ठावीस, एकशे एकोणतीस..." इथे सुखरामची मोजणी हातातून निसटली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अजून बारावर पोचायचाच होता. त्याने पुष्पाबाईच्या बांगड्या जरा वर सारल्या आणि मनगटावर पुन्हा दोन बोटं टेकवली. काल संध्याकाळी याच मनगटात ब्याऐंशी ठोके होते.

"काय झालं जी?" खाटेवर बसलेल्या पुष्पाबाईने विचारलं.

"काई नाई. चूप राय, मोजू दे मले."

भंडाऱ्याच्या दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड होता आणि आज अकरा वाजता तिला ऑपरेशनला न्यायचं होतं. अठरा वर्षं तिचं अंग बाहेर येत होतं. धानाच्या रोवणीच्या चिखलात वाकून वाकून जडलेलं हे दुखणं तिने पोटच्या लेकीलाही कळू दिलं नाही. अलीकडे चार घरं चालणं होईना, तेव्हा कुठे तोंड उघडलं. महिन्यापूर्वी ऑपरेशनच्या तपासण्या सुरू झाल्या आणि नाडी बघणाऱ्या सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. ठोके एका चालीने पडतच नव्हते.

सुखराम अड्याळच्या राइस मिलमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटर होता. पेचकसाचं टोक बेअरिंगला आणि मूठ कानाला लावून तो मशीनचं दुखणं सांगायचा. मालक तर त्याला डॉक्टरच म्हणायचा. आणि घरी? दोन वर्षांमागे बायको म्हणाली होती, "छातीत पाखरू फडफडल्यावानी होते," तर या डॉक्टरांनी औषध सांगितलं, "चाय कमी पेत जा." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आठवलं की त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

मग तिच्या हृदयाची तपासणी झाली. अंधाऱ्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी मशीनचा पडदा त्याच्याकडे वळवला. करड्या धुक्यात एक नाजूक झडप उघडत होती, मिटत होती. कधी घाईघाईने, कधी रेंगाळून, पण उघडत होती.

"हे कवापासून चालू आहे, म्याडम?"

"जन्माच्याही आधीपासून."

"न बंद कवा ठेवते? म्हंजे साफसफाईले, तेलपान्याले?"

डॉक्टरीणबाई हसता हसता थांबल्या. "कधीच नाही, काका."

सुखराम पाहतच राहिला. मिल दर गुरुवारी बंद असायची. पट्टे किती बदलले त्याला गणती नव्हती, मोटार दोनदा जळाली होती. आणि हे एकोणसाठ वर्षं चालू होतं. रोवण्यांत, दोन बाळंतपणांत, तापात, आणि तो शेजारी घोरत पडलेला असतानाही. एक सुट्टी नाही. त्याने अंधारातच हात जोडले. कोणाला जोडले, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

घरी निघताना डॉक्टरीणबाईंनी दोन गोळ्या लिहून दिल्या. रक्त पातळ करणारी गोळी ऑपरेशनच्या आधी सांगू त्या दिवशी बंद करायची. ठोके आवरणारी पांढरी मात्र चुकवायची नाही. "आणि काका, रोज नाडी मोजायची. ठोके वेडेवाकडे आहेत, म्हणून पाव मिनिट मोजून चौपट करायची नाही. पूर्ण एक मिनिट."

तेव्हापासून रोज सकाळी घरासमोरच्या सपरीत तो तिचं मनगट धरून बसू लागला. लग्नातला पाणिग्रहणाचा दिवस सोडला, तर एकेचाळीस वर्षांत त्याने चारचौघांत तिचा हात धरला नव्हता. शेजारचा भय्याजी ओरडायचा, "म्हातारपनी रंगात आला काय बे!"

"डॉक्टरचा हुकूम आहे," सुखराम ताठपणे सांगायचा. पण मिनिट संपलं तरी हात सोडायचा नाही. दोन ठोके धावत यायचे, मग एक इतका उशीर लावायचा की त्याचाच श्वास अडायचा. आणि तो यायचा. दरवेळी यायचा, आणि दरवेळी सुखराम थक्क व्हायचा.

आता त्याने वॉर्डातल्या रत्नमाला सिस्टरला हाक मारली. तिच्या मशीनने एकशे चौतीस दाखवले.

"सकाळची पांढरी गोळी देली होती ना, बाबाजी?"

"मी सोताच्या हातानं देली!"

दोघांनी पुष्पाबाईकडे पाहिलं. तिने खाली मान घालून पदराची गाठ सोडली. गाठीत ती गोळी होती.

"उपाशीपोटी राहाले सांगतलं होतं ना? मंग उपास म्हंजे उपास. मी हरतालिकेलेबी पान्याचा थेंब नाई घेत."

"अवं माय, हे घोटभर पान्यासंग घ्याचीच होती!" सिस्टर म्हणाली.

भूल देणारे डॉक्टर आले. "गोळी आत्ता द्या. शंभराच्या खाली आले तर दुपारी घेऊ. नाहीतर पुढची तारीख, दीड महिन्यानंतरची."

पुष्पाबाईचे डोळे भरून आले. "अजून दीड मैना नाई निभत जी माह्याच्यानं."

"राहू दे, रडू नोको. रडली का ते अजून धावते," सुखराम म्हणाला आणि मनगट धरून बसला. एकशे सव्वीस. एकशे अठरा. एकशे नऊ. मिलमध्ये त्याने कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं, आज प्रत्येक मिनिटाआधी घेतलं. दीड वाजता चौऱ्याण्णव भरले. सिस्टरच्या मशीननेही तेच सांगितलं आणि डॉक्टरांनी मान हलवली.

"आता बांगड्या काढा, आजी."

"तुमी समोर बसले असतानी भुंड्या हातानं जाऊ मी?" तिने नवऱ्याला विचारलं.

सुखराम साबण घेऊन आला. एकेक बांगडी त्याने अलगद उतरवली, एकही वाढवली नाही. बांगड्यांखालचं मनगट गोरं निघालं, लग्नातल्यासारखं. त्यावर त्याने दोन बोटं ठेवली आणि या वेळी मोजलं नाही. मग स्ट्रेचर आत गेलं.

बाहेरच्या बाकावर बसून त्याने सवयीने स्वतःच्या मनगटावर बोटं टेकवली. सरळ, एकसारखे ठोके. असं मशीन कुठे दिसलं असतं तर त्याने मालकाला बोलावून दाखवलं असतं. तो मिनिटभर त्या उशिरा येणाऱ्या ठोक्याची वाट पाहत राहिला. मग बोटं उचलून त्याने खिशातल्या बांगड्यांवर ठेवली आणि बंद दाराकडे बघत बसला.