हत्तीचे मागचे पाय

सिनेमा सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली तरी हत्तीचा पत्ता नव्हता, आणि टेलर मास्तर दर झाडामागे त्याला शोधत होते. रविवारची दुपार. सून मैत्रिणीकडे गेलेली. सोफ्यावर दोन्ही नातवंडं, थोरली मिरची अकरा वर्षांची आणि धाकटा ढब्बू सहाचा. नावं मास्तरांनीच ठेवलेली, म्हणजे दोघांना एकदम हाक मारायची तर "ए ढब्बू मिरची!" एवढं पुरे. पलीकडच्या खुर्चीत मुलगा, पोरांचा बाप. सुट्टीच्या दिवशीही त्याच्या मांडीवरून ऑफिस काही उतरत नाही; लॅपटॉपवर त्याचं टकटक चाललेलं.

सिनेमा चाळीस वर्षांपूर्वीचा. आई, बाप, दोन पोरं आणि एक घाबरट काका जंगलात हरवलेलं शहर शोधायला निघतात, एवढीच गोष्ट. थिएटरात तो आठवडाभरही धड चालला नव्हता. मास्तर दोन वर्षं मिरचीच्या मागे लागले होते, तेव्हा कुठे तिने तो आज टीव्हीवर शोधून काढला होता.

"आजोबा, खरं सांगू? लई बोअर आहे," मिरची म्हणाली. "नुसते चालतायत. वाघसुद्धा नाही."

"येईल गं."

"आला तरी तोही चालतच येईल."

खोटं कशाला बोला, जांभया मास्तरांनाही येत होत्या. जंगल म्हणजे काय, तर एक पत्र्याची शेड आणि कुंड्यांत रोवलेली झाडं. पोपट तेवढा खरा होता, पण तो पहिल्याच दिवशी छपरावर जाऊन बसला आणि शूटिंग संपेपर्यंत खाली उतरला नाही. मास्तरांना हे ठाऊक असायचं कारण या सिनेमाचे सगळे कपडे त्यांच्या दुकानात शिवले गेले होते. काकाच्या अठरा खिशांच्या जाकिटापासून थेट हत्तीपर्यंत.

हो, हत्तीसुद्धा. तंबूचं जाड कापड, आत वेताच्या कड्या, स्पंजचे थर आणि पोटाखाली चेन. महिनाभर मास्तर आणि मास्तरीणबाई त्याच्यावर राबले होते. पुढचे पाय मास्तरांनी स्वतःच्याच मापाने बेतले, कारण माप द्यायला हत्ती काही दुकानात येणार नव्हता. त्यामुळे पुढच्या भागात शिरायची पाळीही त्यांच्यावरच आली. मागच्या भागासाठी तालमीतला एक गडी ठरवला होता. गडी धिप्पाड, पण आतल्या उकाड्यात दहा मिनिटांत त्याचा जीव घाबरा झाला आणि तो जो पळाला तो पुन्हा दिसलाच नाही. हत्ती गेला नि शेपूट राहिलं असं लोक म्हणतात. इथे शेपटासकट अर्धा हत्तीच गेला. दिग्दर्शक ओरडला, "अर्ध्या तासात माणूस आणा, नाहीतर हत्तीचा सीनच काढून टाकतो!"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तरीणबाई शेजारीच उसवलेला कान टाचत होत्या. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या आणि म्हणाल्या, "चला, मी होते मागचे पाय. पण कुणाला सांगाल तर माझ्या गळ्याची शपथ आहे. शिंप्याची बायको हत्तीचं ढुंगण झाली, असं गावभर व्हायला नको."

मास्तरांनी शपथ पाळली. पुढे दोन वर्षांनी मुलगा झाला, मुलगा नऊ वर्षांचा असताना बाई तापाचं निमित्त होऊन गेल्या. मास्तरांनी मुलालाही कधी सांगितलं नाही. शपथ घालणारी गेली म्हणून शपथ सुटते का? बाईंचा फोटो तेवढा भिंतीवर आहे, पण त्यात त्यांनी फोटोग्राफरच्या सांगण्यावरून श्वास रोखून धरलाय. चालती-फिरती अशी ती जगात एकाच ठिकाणी शिल्लक होती, या रटाळ सिनेमात, तंबूच्या कापडाआड. मास्तरांना तिला एकदा बघायचं होतं. बाकी तो वाघ आणि ते हरवलेलं शहर गेलं खड्ड्यात.

"मी पुढे पळवते," मिरचीने रिमोट उचलला आणि मास्तर काही म्हणायच्या आत पडद्यावरची माणसं तुरुतुरु पळू लागली. झाडं, दरी, पूल, आणि मग एक राखाडी डोंगर डावीकडून उजवीकडे झर्रकन निघून गेला.

"मागे घे!" मास्तर ओरडले. "मागे घे म्हणतो ना!"

ढब्बू दचकून बहिणीला चिकटला. आजोबांचा आवाज असा चढलेला या घरात कुणी ऐकला नव्हता. मुलाने लॅपटॉपवरून मान वर केली.

"बाबा, काय झालं?"

मास्तरांच्या ओठावर आलं होतं सगळं. त्यांनी ते गिळलं. "काही नाही. तेवढा हत्ती बघू दे. मग काय हवं ते लावा."

मिरचीचा चेहरा पडला होता, पण तिने मागे घेतलं. हत्ती झाडांतून बाहेर आला. सोंड लोंबतेय, कान एक वर, एक खाली. ओढ्यापाशी आला. ओढा म्हणजे ताडपत्रीवर ओतलेलं पाणी. पुढचे पाय पलीकडे गेले, मागचे घसरले, आणि हत्ती सगळ्या कुटुंबादेखत मागच्या मागे फतकल मारून बसला.

ढब्बू खदाखदा हसत सोफ्यावरून खालीच आला. मिरची रुसवा विसरून टाळ्या पिटत म्हणाली, "अगं बाई, हत्ती बसला! आजोबा, हे आधी का नाही सांगितलंत?" तेव्हाही असंच झालं होतं. दिग्दर्शक शिव्या द्यायचं सोडून हसत सुटला आणि तो सीन तसाच ठेवला. थिएटरातही लोक तेवढ्याच जागी हसले होते.

हत्तीचं पुढचं अंग मात्र जागच्या जागी उभं होतं. मग मागचं कसंबसं उठलं आणि हत्ती हळूहळू चालत निघाला.

मुलाने लॅपटॉप बंद केला.

"मिरची, मागे घे. उठतो तिथपासून."

मिरचीने घेतलं. हत्ती उठला, चार पावलं चालला.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा मुलगा खुर्चीतून उठून टीव्हीसमोर जमिनीवर येऊन बसला. त्याचा आवाज बदलला होता. "बाबा, मागचे पाय कोणाचे आहेत?"

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

"उजवं पाऊल बघा. टाच आधी बाहेर फिरते, मग खाली टेकते." मुलगा पडद्यावर बोट ठेवून बोलत होता. "चार वर्षं मी शाळेत तिच्या मागे मागे गेलोय, बाबा. तिची चाल भरभर, मी रडत मागे. तिचा चेहरा मला आता फोटोतलाच आठवतो, आवाज तर पार गेला. पण ही टाच मी कुठेही ओळखीन. ही आई आहे ना?"

"मी काही बोललो नाही हं," मास्तर कसेबसे म्हणाले. "तुझं तूच ओळखलंस. मी शब्द मोडला नाही." आणि म्हातारा माणूस पोरांसमोर ओक्साबोक्शी रडायला लागला.

ढब्बूने आ वासला. "आजी हत्ती होती?"

"अर्धी," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "पुढचा अर्धा मी."

मग काय, एकच गिल्ला. चेन कुठे होती, आत अंधार असायचा का, आजीला पुढचं दिसायचं कसं? मास्तर सांगत गेले. दिसत काही नव्हतं, ती त्यांच्या कमरेला धरून चालायची. इतक्या वर्षांचं सगळं भडाभडा बाहेर आलं. मुलगा ऐकत होता, पण नजर पडद्यावरच. शेवटी तो म्हणाला, "मिरची, अगदी पहिल्यापासून लाव. झाडांपासून."

हत्ती झाडांतून आला, ओढ्याशी घसरला, फतकल मारून बसला. आता कुणी हसलं नाही.

"किती वेळ बसलीय," मुलगा म्हणाला. "लागलं होतं का तिला?"

"छे रे. हसतेय," मास्तर म्हणाले. "आत नुसती हसतेय. मी म्हणतोय, अगं ऊठ, आणि हिला हसू आवरत नाहीये."

मिरचीने रिमोट बाजूला ठेवून दिला, आणि चौघंही ती उठायची वाट बघत बसले.